पावसाळ्यात शाखेतला स्टँडबाय पुन्हा पुन्हा तुटतो: आधी दुरुस्ती, मग रेप्लिकेशन की डिझास्टर रिकव्हरी हा निर्णय

लक्षण असं: बेळगावच्या मुख्य कार्यालयात पोस्टग्रेस या डेटाबेसचा प्रायमरी (मुख्य) सर्व्हर आणि निपाणी, चिकोडी किंवा खानापूरच्या शाखेत त्याचा स्टँडबाय, म्हणजे त्याची चालती प्रत ठेवणारा राखीव सर्व्हर. पतसंस्था, सौहार्द, एखादा डिस्ट्रिब्युटर, सगळीकडे रचना हीच. जूनमध्ये पाऊस धरला की कधी लाईट जाते, कधी फायबर तुटते. दीड-दोन दिवसांनी लाईन येते, पण स्टँडबाय काही जुळत नाही. त्याच्या लॉगमध्ये दर पाच सेकंदांनी एकच ओळ येत राहते: 'रिक्वेस्टेड वॉल सेगमेंट ... हॅज ऑलरेडी बीन रिमूव्ड', म्हणजे स्टँडबायला हवी असलेली वॉल (बदलांची नोंद ठेवणारी) फाइल प्रायमरीने आधीच काढून टाकली आहे. मग कोणीतरी रात्रभर सगळा डेटा पुन्हा ओढतो. पंधरा दिवसांनी परत तेच.

यावर सल्ला ठरलेला असतो: 'रेप्लिकेशन स्लॉट बनवा.' रेप्लिकेशन म्हणजे प्रायमरीचे बदल स्टँडबायकडे सतत पाठवणं, आणि स्लॉट म्हणजे स्टँडबाय घेईपर्यंत वॉल न काढण्याची प्रायमरीला दिलेली सूचना. स्लॉट केल्यावर स्टँडबाय तुटायचा थांबतो खरा. पण पुढच्या लांबलेल्या बिघाडात प्रायमरीचीच डिस्क भरते आणि सगळ्या शाखांचे काउंटर एकदम बंद पडतात. आधी फक्त स्टँडबाय गेला होता, आता कामकाजच गेलं. म्हणजे उपाय दुखण्यापेक्षा महाग पडला.

डिस्क भरलीच असेल तर

'पीजी_वॉल' फोल्डरमधली एकही फाइल हाताने उडवू नका. नावात लॉग आहे म्हणून जुन्या आवृत्त्यांत 'पीजी_एक्सलॉग' कितीजणांनी साफ केलं, त्याला गणती नाही. पोस्टग्रेस १० मध्ये ते नाव बदलण्यामागे हेच कारण होतं. या फाइली गेल्या तर सर्व्हर उठताना त्याला चेकपॉइंट (तोवरचा डेटा डिस्कवर पक्का लिहिल्याची खूण) सापडत नाही, आणि मग कोणीतरी 'पीजी_रिसेटवॉल' (वॉल पुसून नव्याने सुरू करणारी आज्ञा) चालवा म्हणतो. त्या आज्ञेनंतर सर्व्हर उठतो, पण अर्धवट व्यवहार पूर्ण झाल्यासारखे दिसू शकतात. आर्थिक नोंदी असलेल्या प्रायमरीवर ही आज्ञा चालवायची वेळ आलीच, तर तो डेटा नुसता बाहेर काढून ताडून पाहायचा. त्यावर कामकाज सुरू करायचं नाही.

योग्य क्रम असा. सर्व्हर चालू असेल तर 'पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स' हा व्ह्यू बघा. ज्या स्लॉटचा 'ॲक्टिव्ह' रकाना खोटा आहे आणि 'रिस्टार्ट_एलएसएन' (स्लॉटने धरून ठेवलेलं वॉलमधलं स्थान) फार मागे अडकलेला आहे, तो दोषी. स्टँडबाय आज-उद्या परत येणार नसेल तर 'पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट' ने तो काढा आणि 'चेकपॉइंट' द्या, जागा मोकळी होईल. सर्व्हर पडलाच असेल तर आधी त्याच पार्टिशनवर थोडी जागा करायला हवी, कारण उठतानासुद्धा त्याला लिहायला जागा लागते. यासाठी त्या पार्टिशनवर नुसती जागा अडवणारी ४ जीबीची एक बिनकामाची फाइल आधीच ठेवून द्यावी. वेळ आली की ती उडवायची, सर्व्हर उठवायचा, स्लॉट काढायचा, फाइल परत बनवायची.

स्लॉट निर्दोष दिसला तर 'पीजी_स्टॅट_आर्कायव्हर' बघा. 'फेल्ड_काउंट' वाढत असेल तर 'आर्काइव्ह_कमांड', म्हणजे वॉल फाइलींची प्रत वेगळ्या साठ्यात (आर्काइव्हमध्ये) ठेवणारी आज्ञा, अपयशी होते आहे. ती यशस्वी होईपर्यंत पोस्टग्रेस एकही फाइल सोडत नाही. आर्काइव्ह थेट इंटरनेटपलीकडच्या मशीनवर पाठवणाऱ्यांना हा मार हमखास बसतो.

तुटण्याचं कारण

प्रत्येक बदल आधी वॉल फाइलमध्ये लिहिला जातो, फाइल १६ एमबीची. चेकपॉइंट झाला की जुन्या फाइलींची प्रायमरीला गरज उरत नाही आणि तो त्या पुन्हा वापरायला घेतो. स्टँडबाय तोवर त्या घेऊन गेला की नाही, हे तो स्वतःहून पाहत नाही. 'वॉल_कीप_साइझ' ने किंवा स्लॉटने सांगावं लागतं. पहिल्याला मर्यादा असते, म्हणून स्टँडबाय तुटतो. दुसऱ्याला मूळ सेटिंगमध्ये मर्यादाच नसते, म्हणून डिस्क भरते. 'मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ' ही मर्यादा १३ व्या आवृत्तीपासून आहे, पण तिची मूळ किंमत उणे १, म्हणजे अमर्याद. ती बदलल्याशिवाय स्लॉट वापरू नये, हे आमचं ठाम मत.

किती ठेवायची, हे अंदाजाने ठरवू नका. सकाळी काउंटर उघडताना 'पीजी_करंट_वॉल_एलएसएन' टिपा, संध्याकाळी पुन्हा टिपा, आणि 'पीजी_वॉल_एलएसएन_डिफ' ने फरक काढा. पिग्मीचं कामकाज असेल तर संध्याकाळचे दोन तास वेगळे मोजा. एजंटांची यंत्रं एकाच वेळी अपलोड होतात, तेव्हा आकडा उसळतो. व्याज आकारणीची रात्र तर पूर्ण वेगळी, कारण प्रत्येक खात्याची ओळ बदलते.

समजा दिवसा ९ तास, ताशी ६०० एमबी म्हणजे ५.४ जीबी, आणि उरलेले १५ तास, ताशी ६० एमबी म्हणजे ०.९ जीबी. दिवसाला ६.३ जीबी. लाईन तीन दिवस बंद राहील असं धरलं तर १९ जीबी. मग मर्यादा २५ जीबी, आणि त्या पार्टिशनवर किमान तेवढीच जागा आणखी मोकळी.

लाईन आल्यावर हे १९ जीबी पोचायला किती वेळ लागेल तेही मोजा. १० एमबीपीएस अपलोडमधून प्रत्यक्षात सेकंदाला साधारण १ एमबी जातात, म्हणजे तासाला ३.६ जीबी. त्याच वेळी दिवसाचं नवीन काम ताशी ०.६ जीबी भर घालतं. निव्वळ ३ जीबी ताशी, म्हणजे सहा तासांहून थोडा जास्त वेळ. हेच नव्याने उभारायचं झालं आणि डेटाबेस १५० जीबीचा असला, तर ४२ तास लागतात. त्यापेक्षा बेळगावात एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर बेस बॅकअप (संपूर्ण डेटाची प्रत) घेऊन गाडीने निपाणीला न्यावा. फक्त बॅकअप सुरू केल्यापासूनची वॉल आर्काइव्हमध्ये किंवा मर्यादेच्या आत स्लॉटमध्ये टिकून असली पाहिजे, नाहीतर डिस्क पोचेल आणि लॉगमध्ये पुन्हा तीच ओळ येईल.

वॉलचं प्रमाण कमीही करता येतं. चेकपॉइंटनंतर कुठल्याही पानात पहिला बदल झाला की अख्खं ८ केबीचं पान वॉलमध्ये जातं. 'चेकपॉइंट_टाइमआउट' मूळच्या ५ मिनिटांवरून १५ किंवा ३० वर न्या, 'मॅक्स_वॉल_साइझ' १ जीबीवरून ४ ते ८ जीबी करा, आणि 'वॉल_कॉम्प्रेशन' चालू करा. बदल्यात, सर्व्हर अचानक पडला तर उठायला थोडा जास्त वेळ घेईल.

आता सर्वांत साधी गोष्ट, जी बघायची राहून जाते. शाखेत जा आणि यूपीएसच्या मागे काय काय जोडलंय ते बघा. सर्व्हर यूपीएसवर असतो, पण फायबरची डबी आणि राउटर भिंतीवरच्या साध्या सॉकेटवर. हेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज कंपनीची, लाईट दहा मिनिटं गेली तरी दोन्ही सर्व्हर व्यवस्थित चालू आणि मधला दुवा बंद. त्या दोन वस्तूंसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस पुरतो. विकत घेण्याआधी ॲडॉप्टरवरचा व्होल्ट आणि ॲम्पियर वाचा, सगळ्या डब्या १२ व्होल्टच्या नसतात. दुसरं, स्टँडबायला घरगुती दर्जाची एसएसडी लावलेली असते. लाईट गेल्यावर आतली कॅश वाचवायला तिच्यात कपॅसिटर नसतात, मग 'इनव्हॅलिड पेज' दिसायला लागतं. स्टँडबायवर हे दिसलं तर दुरुस्तीच्या नादी न लागता नव्याने उभारा.

कायमचा इलाज: आर्काइव्ह, आणि तोही लॅनमध्ये

प्रायमरीच्या शेजारी, त्याच इमारतीत पण वेगळ्या मशीनवर वॉलचं आर्काइव्ह ठेवा. 'आर्काइव्ह_कमांड' फक्त तिथवर पोचवेल. तिथून बाहेरगावी नेणं हे स्वतंत्र काम, स्वतंत्र स्क्रिप्ट. म्हणजे बाहेरची लाईन आठवडाभर बंद पडली तरी प्रायमरीला त्याचा पत्ताही लागत नाही.

स्टँडबायवर 'रिस्टोर_कमांड' लिहा. स्ट्रीमिंग (प्रायमरीकडून थेट येणारा वॉलचा प्रवाह) तुटलं आणि हवी ती फाइल प्रायमरीकडे नसली, तर स्टँडबाय आपणहून आर्काइव्हमधून ती घेतो, भरपाई झाली की पुन्हा स्ट्रीमिंगवर येतो. एवढं केलं की स्लॉटची गरज जवळपास संपते. ठेवायचाच असेल तर मर्यादेसकट ठेवा. मर्यादा ओलांडली तर त्याची 'वॉल_स्टेटस' 'लॉस्ट' होईल. त्यानंतर तो स्लॉट काढून नवा करा. आर्काइव्ह असल्यामुळे स्टँडबाय मात्र वाचेल.

तीन ठिकाणी लोक फसतात. एक, 'आर्काइव्ह_कमांड' म्हणून साधं कॉपी वापरलं तर आधीची फाइल पुसून जाऊ शकते, किंवा अर्धीच लिहिलेली फाइल पूर्ण समजली जाते. पीजीबॅकरेस्ट किंवा बारमन ही बॅकअपची साधनं वापरा. दोन, पीजीबॅकरेस्टमध्ये 'आर्काइव्ह-पुश-क्यू-मॅक्स' लावलं तर डिस्क वाचते, पण मर्यादा ओलांडल्यावर तो वॉल टाकून देतो आणि पोस्टग्रेसला 'पोचली' म्हणून सांगतो. तिथे मालिका तुटते, ताबडतोब नवा बॅकअप घ्यावा लागतो. तीन, स्टँडबायवर 'आर्काइव्ह_क्लीनअप_कमांड' लावून ठेवलेली असते. स्टँडबायला नको झालेल्या फाइली ती उडवते, आणि गेल्या मंगळवारपर्यंत मागे जायचं झालं तर नेमक्या त्याच लागतात. दोन्ही कामांना एकच आर्काइव्ह असेल तर ही ओळ काढून टाका.

मुळात कोणता पर्याय हवा

स्टँडबाय वारंवार तुटण्यामागे बहुतेक वेळा निवड चुकलेली असते. शाखेतल्या त्या एका मशीनकडून तीन कामांची अपेक्षा ठेवलेली असते. सर्व्हर बिघडला तर लगेच जागा घ्यायची, इमारतच गेली तर डेटा दुसरीकडे असायचा, आणि कोणी चुकीचा डेटा घातला तर मागे जाता यायला हवं. पहिल्या कामाला मशीन जवळ लागतं, दुसऱ्याला लांब, आणि तिसरं काम रेप्लिका करूच शकत नाही. अट न लिहिता 'डिलीट' चालवली की ती शाखेत सेकंदाभरात पोचते.

म्हणून संचालकांना तंत्रज्ञान विचारू नका, दोनच प्रश्न विचारा. किती मिनिटांच्या नोंदी कागदावरून पुन्हा भरायला चालतील? आणि काउंटर किती तास बंद राहिलेला चालेल? 'शून्य आणि शून्य' हे उत्तर प्रत्येक जण पहिल्यांदा देतोच, खर्च मांडला की आकडे खरे होतात.

सर्व्हर बिघाडासाठी स्टँडबाय त्याच इमारतीत, शक्यतो वेगळ्या खोलीत, वेगळ्या यूपीएसवर. मधली लाईनच नाही, त्यामुळे मागे पडणंही नाही. इथे सिंक्रोनस (स्टँडबायची पोच आल्यावरच व्यवहार पक्का) ठेवता येतं, पण 'सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स' मध्ये एकच नाव असेल आणि तो स्टँडबाय पडला, तर प्रायमरीवरचे कमिट लटकून राहतात. पावती छापायच्या आधी स्क्रीन गोठली आणि सर्व्हरवर ताण काहीच नाही, असं दिसलं तर पहिल्यांदा हेच तपासा. दोन स्टँडबाय असतील तर 'एनी १' (कोणा एकाची पोच पुरे) लिहा, एकच असेल तर असिंक्रोनसवर समाधान माना. बेळगाव-निपाणी लाईनवर सिंक्रोनस नकोच.

इमारत जाण्यासाठी बाहेरगावी आर्काइव्ह आणि आठवड्याचा बेस बॅकअप पुरेसा होतो. तिथे चालू स्टँडबाय हवा तो फक्त 'दोन तासांत काउंटर सुरू' असं ठरलं असेल तर. दिवसभर थांबता येत असेल तर नाही. 'आर्काइव्ह_टाइमआउट' ३०० सेकंद ठेवला तर कामकाज चालू असताना दर पाच मिनिटांना फाइल बंद होऊन बाहेर पडते. अगदी २४ तास धरले तरी २८८ फाइली, ४.६ जीबी. अर्ध्या रिकाम्या फाइली दाबल्या की फार लहान होतात, ४जी डाँगलवरूनही जातात. मुख्य लाईन तुटल्यावर दुसरा रस्ता म्हणून तेवढं डाँगल ठेवाच.

चुकीच्या डेटासाठी त्याच आर्काइव्हमधून ठरावीक वेळेपर्यंत परत आणणं: 'रिकव्हरी_टार्गेट_टाइम'. रोजचा डेटा मोठा असेल तर त्याला जोडून चार तास मागे चालणारा स्टँडबाय, 'रिकव्हरी_मिन_अप्लाय_डिले' लावून. चूक कळताच त्यावर 'पीजी_वॉल_रिप्ले_पॉज' द्यायचा, मग सावकाश विचार करायचा. दोन्ही सर्व्हरची घड्याळं क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या सेवेने जुळलेली हवीत, नाहीतर चार तास चार राहत नाहीत.

लॉजिकल रेप्लिकेशन (टेबलांतल्या ओळींचे बदल पाठवणारा प्रकार) यातल्या कशासाठीच नको. टेबलाच्या रचनेतले बदल ते नेत नाही, आणि आज सर्रास वापरात असलेल्या आवृत्त्यांत सीक्वेन्सचे (पुढचा क्रमांक देणाऱ्या मोजणीचे) आकडेही नाहीत. स्टँडबाय वर आला की पावती क्रमांक पुन्हा जुने यायला लागतात. व्हर्च्युअल मशीनचे स्नॅपशॉट चालतात, पण डेटा आणि वॉल वेगळ्या डिस्कवर असतील तर दोन्ही एकाच क्षणी घेतले जाताहेत याची खात्री करून.

बाहेरगाव म्हणजे कुठलं गाव

नकाशा बघून अंतर मोजू नका, नदी बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकाच आठवड्यात फुगल्या, गोकाक परिसर पाण्यात गेला, कोल्हापूर-सांगलीतही तेच चाललं होतं. जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर पाणी आलं. म्हणजे डिस्क गाडीने न्यायची योजना नेमकी लागेल त्याच दिवशी बंद. बेळगावची प्रत कोल्हापूर, सांगली किंवा चिकोडीत ठेवणं म्हणजे दोन्ही प्रती एकाच पुरात ठेवणं. हुबळी-धारवाड पुराच्या दृष्टीने बरं, पण वीज तिथेही हेस्कॉमचीच, तेव्हा जनरेटर असलेली जागा बघा. क्लाउडला द्यायचं तर मुंबई किंवा हैदराबाद. नागरी सहकारी बँक असेल तर रिझर्व्ह बँकेची ३१ डिसेंबर २०१९ ची सायबर सुरक्षेची चौकट लागू होते, आपण तिच्या चार स्तरांपैकी कुठल्यात बसतो ते आधी बघून घ्या.

आणि बाहेरगावच्या मशीनचा पासवर्ड प्रायमरीवर असता कामा नये. प्रत तिकडून ओढली जावी, इकडून ढकलली जाऊ नये. रॅन्समवेअर मुख्य सर्व्हरवर आलं तर जे फोल्डर तिथे जोडलेलं दिसतं तेही कुलूपबंद करून जातं.

स्टँडबाय वर आणताना

लाईन तुटली की शाखेला मुख्य सर्व्हर 'मेलेला' दिसतो. प्रत्यक्षात तो बेळगावात ठणठणीत असतो आणि तिथल्या शाखा नोंदी घेत असतात. अशा वेळी निपाणीत कोणी 'पीजी_प्रमोट' (स्टँडबायला प्रायमरी करणारी आज्ञा) दिलं की दोन प्रायमरी झाले. दोन्हीकडच्या नोंदी नंतर आपोआप एकत्र होत नाहीत, वह्या घेऊन बसावं लागतं. दोनच मशीन असतील तर स्वयंचलित फेलओव्हर (स्टँडबायने आपोआप प्रायमरीची जागा घेणं) लावू नका. तिसरा साक्षीदार तिसऱ्या जागी असेल तरच तो विचार. हाताने करताना क्रम एकच: मुख्य कार्यालयातल्या माणसाला फोन, जुना सर्व्हर बंद केल्याची त्याच्याकडून खात्री, आणि मगच प्रमोट. जुना सर्व्हर परत घ्यायला 'पीजी_रिवाइंड' लागतं, त्यासाठी डेटा चेकसम किंवा 'वॉल_लॉग_हिंट्स' आधीपासून चालू हवं.

प्रमोट झाल्यावर आणखी एक विचित्र तक्रार येते: 'पाटील' शोधलं तर काही सभासद सापडत नाहीत, खातं क्रमांक टाकला तर दिसतात. मुख्य कार्यालयात सेंटओएस ७ आणि शाखेत रॉकी ८, किंवा इकडे उबंटू १८.०४ आणि तिकडे २२.०४, असं असलं की हे होतं. जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. इंडेक्स जुन्या क्रमाने बांधलेला, शोध नव्या क्रमाने. मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत नावं असलेल्या आपल्याकडच्या डेटात हे लवकर उघडं पडतं. पुढे युनिक इंडेक्समध्येही दुहेरी नोंदी घुसतात. दोन्हीकडे ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती एकच ठेवा. तसं नसताना प्रमोट करावंच लागलं तर काउंटर उघडण्याआधी मजकुराच्या रकान्यांवरचे सगळे इंडेक्स 'रीइंडेक्स' करा.

महिन्यातून एकदा

वेगळ्या मशीनवर बॅकअप उतरवा, वॉल चढवून कालच्या संध्याकाळपर्यंत आणा, आणि घड्याळ लावा. जो वेळ लागेल तोच तुमचा खरा 'काउंटर किती तास बंद'. 'पीजी_एएमचेक' (टेबलं आणि इंडेक्स शाबूत आहेत का ते तपासणारं साधन) चालवा. मग शेवटचा पावती क्रमांक आणि दिवसअखेरची एकूण शिल्लक मुख्य कार्यालयाच्या रोजकीर्दीशी ताडून पाहा. ही दोन्ही जुळली नाहीत तर 'बॅकअप सक्सेसफुल' या ओळीला काही अर्थ नाही.

मायएसक्यूएल असेल तर

दुखणं तेच, नावं वेगळी. ८ व्या आवृत्तीत बिनलॉग (मायएसक्यूएलची बदलांची नोंद) मूळ सेटिंगमध्ये ३० दिवस राहतो, त्यामुळे तुटणं कमी आणि डिस्क भरणं जास्त. एरर १२३६ दिसला तर सोबतचा मजकूर वाचा; हवा तो बिनलॉग प्रायमरीवर उरलेला नाही असं असेल तर नव्याने उभारा. 'सेकंड्स_बिहाइंड_सोर्स' शून्य दिसतं म्हणून निश्चिंत राहू नका. लाईन अडखळत असताना रेप्लिकापर्यंत जे पोचलंच नाही ते तो मोजत नाही, म्हणून प्रायमरीवर दर मिनिटाला वेळ लिहिणारं एक छोटं टेबल ठेवा आणि रेप्लिकावर तीच वेळ वाचा.